पगार आणि हजेरी : घरातल्या एकाची नोकरी गेल्यावर

नोकरी माणसाला दोन गोष्टी देते. एक पगार आणि दुसरी हजेरी. पगार सगळ्यांना दिसतो, कारण तो महिन्याच्या सात तारखेला खात्यावर जमा होतो आणि दहा तारखेपर्यंत त्यातला निम्मा संपतो. हजेरी मात्र बंद पडेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. रोज ठरावीक वेळेला कुठेतरी आपली वाट पाहिली जाते, आपण गेलो नाही तर काम अडते, चहाच्या सुट्टीत चार माणसे आपल्याशी बोलतात, आणि गल्लीत कुणी 'काय करता?' असे विचारले तर द्यायला एक उत्तर असते. या सगळ्याला मी इथे हजेरी म्हणते आहे. घरातल्या एकाची नोकरी जाते तेव्हा या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी थांबतात. बहुतेक घरांत उपाय फक्त पगारावर शोधला जातो, आणि हजेरीचे दुखणे मग पैशाच्या भांडणाचे रूप घेऊन बाहेर पडते. दोन्हींचा विचार वेगवेगळा केला, तर पुढचे बरेच काही सोपे होते.

आमच्या घरी ही वेळ तीन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात, एका शनिवारी आली. माझे पती शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात अकरा वर्षे संगणकावर चालणारे सीएनसी मशीन चालवत होते. कोल्हापुरातली असंख्य घरे ज्या साखळीवर चालतात, तिच्यातलेच हे एक काम: फाउंड्रीत कास्टिंग ओतायचे, मशीनशॉपमध्ये त्याला नेमके माप द्यायचे आणि तयार भाग वाहनांच्या, ट्रॅक्टरच्या किंवा पंपांच्या कंपनीकडे पाठवायचा. वरच्या कंपनीने मागणी कमी केली की तिचा धक्का खालच्या मशीनपर्यंत यायला फार दिवस लागत नाहीत. आधी ओव्हरटाइम बंद होतो, मग रात्रपाळी थांबते, मग ठेकेदाराकडची माणसे कमी होतात, आणि तरीही ऑर्डर आल्या नाहीत तर कायम कामगारांची यादी निघते. त्या यादीत नाव आले म्हणजे माणूस कामात कमी पडला, असा अर्थ सहसा नसतो. हे वाक्य घरात पहिल्याच आठवड्यात, मोठ्याने, मुलांच्या आणि वडीलधाऱ्यांच्या समोर बोलले गेले पाहिजे. मला ते बोलायला तीन आठवडे लागले, आणि तेवढ्या काळात ह्यांनी स्वतःच्या मनाशी स्वतःला जे काही म्हणून घेतले, ते पुसायला नंतर फार कष्ट पडले.

सही करण्याआधी

पहिला दिवस कागदांचा असतो, आणि नेमके त्याच दिवशी माणसाचे डोके ठिकाणावर नसते. म्हणून कागद वाचण्याचे काम घरातल्या दुसऱ्या माणसाने अंगावर घ्यावे, असे माझे ठाम मत आहे. कित्येक ठिकाणी कामावरून कमी करताना कामगाराकडून राजीनामा लिहून घेतला जातो आणि 'रेकॉर्ड चांगलं राहील' अशी त्याची समजूत घातली जाते. कायद्याच्या दृष्टीने मात्र राजीनामा आणि कपात यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. सलग एक वर्ष काम केलेल्या कामगाराला मालकाने कमी केले, तर त्याला एक महिन्याची नोटीस किंवा तिच्या बदल्यात एक महिन्याचे वेतन, आणि पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई द्यावी लागते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ही तरतूद होती आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ती आहे. नव्या संहितेत त्याशिवाय पुन्हा नवे कौशल्य शिकण्यासाठी १५ दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यावर जमा करण्याची सोय केलेली आहे. आपण स्वतःहून काम सोडले असे एकदा कागदावर आले, की हे सगळे मागणे फार अवघड होते. व्यवस्थापकीय पदावरचे लोक आणि महिना १८,००० रुपयांहून जास्त वेतन घेणारे पर्यवेक्षक या संहितेतल्या 'कामगार' या व्याख्येत बसत नाहीत. त्यांनी आपल्या नेमणूकपत्रातली नोटिशीची अट नीट वाचावी.

आमच्याकडे सही होऊन गेली होती. ह्यांनी घरी येऊन तो कागद दाखवला तेव्हा मी त्यांना बोलले, आणि ते बोलणे आजही मला लागून राहिले आहे, कारण समोर साहेब, मॅनेजर आणि पेन घेऊन उभा असलेला क्लार्क असताना एकटा माणूस काय करणार होता? म्हणून दुसऱ्यांना सांगते: 'घरी दाखवून उद्या सही करतो' एवढे एकच वाक्य तोंडपाठ ठेवावे, कागदाचा मोबाईलवर फोटो काढून घ्यावा, आणि शंका असल्यास युनियनच्या माणसाला किंवा सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जाऊन विचारावे.

ग्रॅच्युइटीचे, म्हणजे नोकरी सुटताना मिळणाऱ्या एकरकमी रकमेचे, मात्र तसे नाही. पाच वर्षांची सलग नोकरी झाली असेल, तर राजीनामा दिला तरी ग्रॅच्युइटी मिळते. तिचा हिशेब साधा आहे: शेवटचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांची बेरीज, गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षे. ह्यांचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १६,००० रुपये होते आणि नोकरी अकरा वर्षांची, म्हणून रक्कम सुमारे १,०१,५०० रुपये झाली. ही रक्कम देय झाल्यापासून ३० दिवसांत मिळायला हवी. राहिलेला पगार तर नव्या वेतन संहितेनुसार कामाच्या दोन दिवसांतच चुकता करायचा असतो.

भविष्य निर्वाह निधीच्या बाबतीत घाई करू नये असे मला मनापासून वाटते. नोकरी गेली तरी ते खाते बंद पडत नाही आणि त्यावर व्याज मिळत राहते. ऑक्टोबर २०२५ मध्ये निधीच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने जो निर्णय घेतला, त्यानुसार बेरोजगार झालेल्या सभासदाला ७५ टक्के रक्कम लगेच आणि उरलेली २५ टक्के १२ महिने बेरोजगार राहिल्यानंतर काढता येण्याची चौकट ठरली आहे. पैसे काढायचे असोत वा नसोत, एक काम मात्र लगेच करावे: यूएएन, म्हणजे निधीच्या कायम क्रमांकाच्या, खात्यात आधार, बँक खाते आणि नोकरी सोडल्याची तारीख नीट नोंदवली आहे का, ते पाहावे. ती तारीख कंपनीने टाकली नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी सभासदाला स्वतःच ती टाकता येते. आणि ज्यांची सभासद म्हणून दहा वर्षे पूर्ण व्हायला थोडाच काळ उरला आहे, त्यांनी पेन्शनची रक्कम काढून घेण्याचा विचार दोनदा करावा, कारण दहा वर्षांच्या सेवेवर महिन्याच्या पेन्शनचा हक्क तयार होतो.

ज्यांचे वेतन महिना २१,००० रुपयांपर्यंत होते आणि ज्यांच्या पगारातून ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची, वर्गणी कापली जात होती, त्यांच्यासाठी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे, आणि तिची माहिती कारखान्याच्या गेटवर फारच थोड्यांना असते. २०१८ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत बेरोजगार झालेल्या विमेदाराला आयुष्यात एकदा, जास्तीत जास्त ९० दिवसांपर्यंत, सरासरी रोजच्या वेतनाच्या ५० टक्के रक्कम मिळते; त्यासाठी आधीची दोन वर्षे विमा-योग्य नोकरी आणि ठरावीक दिवसांची वर्गणी लागते. योजनेची मुदत वेळोवेळी वाढवली जाते, म्हणून अर्ज करताना ईएसआयच्या शाखा कार्यालयात ताजी स्थिती विचारून घ्यावी. कारखानाच बंद पडला किंवा कायद्याने कपात झाली असेल, तर राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना वेगळी आहे. तिच्यात पहिले १२ महिने वेतनाच्या ५० टक्के आणि पुढचे १२ महिने २५ टक्के भत्ता मिळतो, आणि त्या काळात कुटुंबाचे औषधपाणीही चालू राहते. इथेही राजीनाम्याचा तो कागद आड येतो.

आजारपणाचे म्हणाल, तर कंपनीचा समूह विमा नोकरीबरोबर संपतो. त्याच विमा कंपनीकडे तो वैयक्तिक पॉलिसीत बदलून घेता येतो का, ते मुदत संपण्याआधी विचारावे, आणि शिधापत्रिका व आधार घेऊन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली कुटुंबाची नोंद तपासून घ्यावी. राज्यातल्या सर्व कुटुंबांना आता या योजनेत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे.

वहीतली तारीख

तिसऱ्या आठवड्यात मी मुलीची गेल्या वर्षीची अर्धी कोरी राहिलेली वही घेतली आणि रात्री जेवणे झाल्यावर आम्ही दोघे स्वयंपाकघरातच खाली बसलो. तोपर्यंत घरात रोज 'कसं होणार' हा एकच प्रश्न होता, आणि त्या प्रश्नाला उत्तर नव्हते, कारण त्यात एकही आकडा नव्हता. आम्ही डाव्या पानावर येणे लिहिले आणि उजव्या पानावर जाणे. ह्यांचे २६,००० थांबले होते. मी एका शाळेच्या कार्यालयात काम करते, तिथले १५,००० उरले होते. जाणे असे होते: घराचा हप्ता ९,८००, किराणा, दूध, भाजी आणि गॅस मिळून ११,५००, शाळा, रिक्षा आणि ट्यूशन ५,२००, सासूबाईंची औषधे १,७००, वीज, पाणी, मोबाईल २,३००, पेट्रोल २,५००, भिशी २,०००, विम्याचा हप्ता १,६०० आणि किरकोळ २,४००. एकूण ३९,०००. शिरोलीला जाणे-येणे थांबल्याने पेट्रोलमधले १,६०० आपोआप कमी झाले. गणिताची ट्यूशन थांबवून तो विषय ह्यांनी स्वतः घेतला, तिथे १,५०० वाचले. किराण्यातून १,५०० आणि किरकोळमधून १,२०० काढले. उरले ३३,२००, म्हणजे दर महिन्याला १८,२०० रुपयांची तूट. ग्रॅच्युइटी आणि बँकेतली ४४,००० ची शिल्लक मिळून १,४५,५०० होते. भागाकार केला तेव्हा आठ महिन्यांना अगदी थोडे कमी आले.

त्या पानाखाली ह्यांनी पेनने 'जून' असे लिहिले आणि त्याभोवती गोल केला. परिस्थितीत त्या रात्री एक रुपयाचाही फरक पडला नव्हता, पण 'कसं होणार' याच्या जागी 'जूनपर्यंत' आले होते, आणि अंधारात चाचपडणाऱ्या माणसाच्या हाताला भिंत लागावी तसे आम्हाला वाटले. भविष्य निर्वाह निधीला हात न लावता जून येत होता, हे कळल्यावर ह्यांना त्या रात्री झोप लागली. प्रत्येक घराची तारीख वेगळी येईल. कुणाची फेब्रुवारी येईल, कुणाचा पुढचाच महिना येईल. आणि ती जितकी जवळची असेल तितके ती आजच माहीत असणे जास्त गरजेचे आहे.

खर्च कमी करताना आधी काय कमी करायचे, याबद्दल माझी काही ठाम मते झाली आहेत. औषधे आणि विमा यांना हात लावू नये. विम्याचा हप्ता मासिक असेल तर साधारण १५ दिवसांची आणि तिमाही, सहामाही किंवा वार्षिक असेल तर ३० दिवसांची सवलतीची मुदत असते, तिचा उपयोग करावा. मुलीच्या शाळेत फी थकण्याआधी मुख्याध्यापकांना भेटून हप्ते पाडून मागावेत. मी शाळेच्या कार्यालयातच बसते, आणि आधी येऊन सांगणाऱ्या पालकाला नाही म्हणणे किती अवघड जाते ते मी रोज पाहते. ज्यांची मुलगी व्यावसायिक पदवी अभ्यासक्रमाला आहे आणि कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे, त्यांनी २०२४-२५ पासून लागू झालेल्या मुलींच्या शुल्कमाफीची चौकशी जरूर करावी. भिशी मध्येच मोडणे वाईट दिसते आणि पुढे अडीनडीला लागणारी माणसेही दुरावतात. त्यापेक्षा भिशीतल्या बायकांना खरे सांगून आपला नंबर आधी मागावा. मला डिसेंबरचा नंबर मिळाला. आणि रविवारचे मटण आम्ही पूर्ण बंद केले नाही, महिन्यातून एका रविवारवर आणले. कोल्हापूरच्या घरात तांबड्या रश्श्याचा वास महिनाभर आला नाही, तर मुलांना कुणी काही सांगावे लागत नाही, त्यांना आपोआप भीती वाटू लागते.

कर्जाच्या बाबतीत एकच गोष्ट महत्त्वाची आहे: पहिला हप्ता चुकण्याआधी बँकेत जावे. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खाते अनुत्पादक ठरते आणि मग शाखाधिकाऱ्याच्या हातात फारसे काही उरत नाही. त्याआधी मात्र मुदत वाढवून हप्ता कमी करणे किंवा काही काळ फक्त व्याज भरणे यांसारखे मार्ग मागता येतात. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ पासूनच्या नियमांनुसार थकलेल्या हप्त्यावर दंडव्याज लावता येत नाही, फक्त दंडशुल्क लावता येते आणि त्या शुल्कावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. पैसा अगदीच कमी पडला तर सोने तारण ठेवणे परवडले, पण मोबाईलवर पाच मिनिटांत कर्ज देणारी अनोळखी ॲप आणि चौकातला विनापरवाना सावकार यांच्या वाटेला जाऊ नये. महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे आणि त्याची तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात करता येते.

एक इशारा मात्र कळकळीने द्यावासा वाटतो. नोकरी गेल्यावर पहिल्या दोन महिन्यांत कुणीतरी येऊन 'नाश्ता सेंटर टाका, रोज रोख पैसा' असे सांगतेच. व्यवसाय करू नये असे मी म्हणत नाही, राज्य सरकारचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमही त्यासाठीच आहे. पण जे पैसे जूनपर्यंत घर चालवणार आहेत तेच भांडवल म्हणून घालणे, आणि तेही मन थाऱ्यावर नसताना घालणे, याला माझा विरोध आहे. ज्याला गाडा लावायचा आहे त्याने आधी महिनाभर दुसऱ्याच्या गाड्यावर पहाटे चारला उभे राहून पाहावे.

हजेरी

आता ज्याच्याबद्दल कमी बोलले जाते त्याकडे येते. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल नावाचे एक छोटे गाव आहे. तिथली कापडगिरणी १९२९-३० च्या सुमारास बंद पडली आणि गावातली बहुतेक कुटुंबे एकदम बेरोजगार झाली. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल या संशोधकांनी तिथे अभ्यास केला आणि १९३३ मध्ये तो प्रसिद्ध केला. रिकामा वेळ मिळालेली माणसे वाचतील, सभांना जातील, असे कुणालाही वाटेल. घडले उलटे. वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या जवळपास निम्म्यावर आली. खिडकीआड बसून संशोधकांनी रस्त्यावरून जाणाऱ्यांचा वेग मोजला, तेव्हा पुरुष बायकांपेक्षा हळू चालताना आणि पुन्हा पुन्हा थांबताना आढळले. सकाळ ते दुपार काय केले, असे विचारले तर पुरुषांना सांगता येत नसे. बायकांचे तसे झाले नाही, कारण चूल, धुणे आणि मुले त्यांच्याकडे होतीच. त्यांचा पगार गेला होता, पण हजेरी सुटली नव्हती. पुढे याहोडा यांनी हेच सूत्ररूपाने मांडले: नोकरी पैशाखेरीज दिवसाला आकार देते, घराबाहेरची माणसे देते, आपल्याहून मोठ्या कामात वाटा देते, समाजात ओळख देते आणि हातापायांना हालचाल देते. कोल्हापुरात ज्यांनी आता बंद पडलेल्या शाहू मिल या कापडगिरणीचा भोंगा ऐकला आहे, त्यांना हे फारसे समजावून सांगावे लागणार नाही.

ह्यांची सकाळची पाळी सातची होती, म्हणून साडेपाचला उठायची सवय. नोकरी गेल्यावरही ते साडेपाचलाच उठत आणि दिवा न लावता स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून राहत. त्यांचा तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा मांडणीवर पालथा पडलेला असे आणि मी माझा डबा भरायला आले की ते उठून बाहेर जात. पहिल्या सोमवारी मुलीने विचारले होते, "पप्पा, आज कंपनी बंद हाय व्हय?" ते "व्हय" म्हणाले. मंगळवारीही तिने विचारले. बुधवारी तिने विचारले नाही, आणि मला तेच जास्त लागले.

मी आधी त्यांना छोटी कामे सांगत गेले. "अहो, जरा भाजी चिरून देता का?", "अहो, गॅसवाल्याला फोन करा की." त्याने काहीच साधले नाही, उलट चिडचिड वाढली. नंतर माझ्या लक्षात आले की ही मदत होती, आणि मदत करणारा माणूस नसला तरी काम होतेच. हजेरी मात्र तिथेच लागते जिथे आपण नसलो तर काम अडते. म्हणून दिवाळीनंतर आम्ही ठरवले की सकाळी सहा ते साडेनऊ घर त्यांचे. मुलीला उठवणे, तिची वेणी, तिचा डबा, माझा डबा, सासूबाईंची सकाळची गोळी, पाणी भरणे, सगळे त्यांचे. मी मध्ये बोलायचे नाही, हे माझ्याकडचे वचन होते, आणि ते पाळणे सोपे नव्हते. पहिल्या दिवशी वेणी इतकी तिरपी झाली की ती कानामागून खांद्यावर आली होती. मुलगी तशीच शाळेत गेली. मधल्या सुट्टीत बाईंनी ती सोडून पुन्हा घातली, आणि हे संध्याकाळी कळल्यावर ह्यांनी तिला समोर बसवून तासभर वेणी घालण्याचा सराव केला. तीन पेडांतला कुठला कुठून घ्यायचा हे त्यांनी मशीनवरचे माप समजून घ्यावे तसे समजून घेतले. त्या महिन्यात घरात पहिल्यांदा ते हसताना दिसले ते तेव्हा.

काम शोधण्यालाही वेळ ठरवून द्यावी लागते. दिवसभर शोधतो म्हणणारा माणूस दिवसभर मोबाईलकडे पाहत बसतो. सकाळी दहा ते एक एवढाच वेळ आम्ही त्यासाठी ठेवला: फोन, अर्ज, महास्वयं आणि नॅशनल करिअर सर्व्हिस या सरकारी पोर्टलवरची नोंदणी, आणि आठवड्यातून दोनदा गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या वसाहतीत प्रत्यक्ष फेरी. मधूनमधून उद्यमनगरातल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये रोजंदारीवर जॉबवर्क मिळाले. पैसे थोडेच होते, पण हाताला तेल लागलेला माणूस संध्याकाळी वेगळ्याच आवाजात बोलतो.

नोकरी गेल्याचे लपवण्याकडे बहुतेक घरांचा कल असतो, आणि तो मला समजतो. पण लपवण्याची किंमत मोठी आहे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले की, नव्या कामाची खबर बहुतेक वेळा जवळच्या माणसांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडून येते, कारण जवळच्यांना जे माहीत असते ते आपल्यालाही माहीत असतेच. आम्ही घरातल्या सगळ्यांसाठी एक वाक्य ठरवून टाकले: "कंपनीनं माणसं कमी केली, ह्यांचं नाव त्यात आलं, आता दुसरीकडं बघायल्यात." सासूबाईंनीही तेच सांगायचे, मुलीनेही. सासूबाई सुरुवातीला साडेसातीचा विषय काढत; त्यांना हे वाक्य दिल्यावर तो विषय मागे पडला, कारण शेजारणींना सांगायला त्यांच्याकडे काहीतरी झाले होते.

बाईची नोकरी जाते तेव्हा

हाच प्रसंग घरातल्या बाईवर आला, तर हजेरीचे दुखणे आणखी खोल दडते. माझी एक मैत्रीण खासगी शाळेत नऊ वर्षे शिकवत होती. वर्गाच्या तुकड्या कमी झाल्या आणि तिला घरी बसावे लागले. घरातले सगळे तिला म्हणाले, "बरं झालं, आता पोरांकडं बघायला होईल." कुणी वाईट हेतूने बोलले नव्हते. पण तिचा पगार गेल्याचे कुणाला फारसे वाटले नाही, आणि तिची हजेरी गेल्याचे तर कुणाच्या ध्यानातही आले नाही, कारण घरकाम तिच्याकडे आधीपासूनच होते आणि आता ते पूर्णपणे तिच्यावर येऊन पडले. ती मला म्हणाली, "सकाळी साडी नेसून पिना लावताना जे वाटायचं ना, ते गेलं." तिच्या नवऱ्याने तिच्यासाठी केलेली सर्वात चांगली गोष्ट म्हणजे दुपारचे दोन तास तो काही बोलून न दाखवता घर सांभाळू लागला आणि ती शेजारच्या खोलीत शिकवणी घेऊ लागली. बाईची नोकरी गेल्यावर घरातल्यांनी निदान एकदा तरी तिला 'तुझं नुकसान झालं' असे शब्दांत म्हणावे.

जिथे घरचे उपाय पुरत नाहीत

काही चिन्हे दिसली तर घरातल्या घरात थांबू नये. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप उडणे किंवा दिवसभर अंथरुणातून न उठणे, जेवण तुटणे, दारू सुरू होणे किंवा वाढणे, कर्जाबद्दल आणि विम्याच्या पैशांबद्दल विचित्र चौकशी करणे, 'मी नसतो तर बरं झालं असतं' असे बोलणे, ही ती चिन्हे. अशा वेळी 'जीव द्यायचा विचार मनात येतो का?' असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात येत नाही. उलट एकट्याने वाहिलेले ओझे बोलून टाकायला वाट मिळते. त्या माणसाला एकटे सोडू नये. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचाराचा विभाग आहे. तिथल्या रांगेत उभे राहण्यात हृदयरोगाच्या रांगेत उभे राहण्याहून काही वेगळे नाही.

ह्यांना मे महिन्यात कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत काम मिळाले. खबर आली ती गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर कधीमधी भेटणाऱ्या, फक्त तोंडओळखीच्या एका माणसाकडून. पगार आधीपेक्षा ४,००० रुपयांनी कमी होता आणि आम्ही तो घेतला. नवी नोकरी लागली तरी जुना यूएएन क्रमांकच द्यावा आणि आधीच्या खात्यातली रक्कम नव्या खात्यात वर्ग करून घ्यावी, म्हणजे सेवेची वर्षे जोडली जातात. पहिल्या पगारातून आम्ही माझ्या धाकट्या दिराचे उसने घेतलेले ५,००० परत केले, भिशीच्या बायकांना पेढे दिले आणि बाकीचे वहीच्या डाव्या पानावर लिहिले. सकाळची पाळी आता पुन्हा सातची आहे आणि ह्यांना सहाच्या आधी बाहेर पडावे लागते. मुलगी त्यासाठी सव्वापाचला उठते, कारण वेणी तिला त्यांच्याकडूनच हवी असते.